हाताला हात कळला पाहिजे

यंदाच्या अंकासाठी फुगडीवर लेख देते असे मी म्हणाले, तेव्हा संपादक मंडळातला एक वर्गमित्र हसून म्हणाला, "फुगडीवर काय लिहिणार? दोघी उठल्या, गरगर फिरल्या, धापा टाकत खाली बसल्या; झाला लेख!" त्याच्या हसण्याचा मला राग आला नाही. वर्षभरापूर्वी कोणी हा विषय काढला असता तर मीही हसलेच असते. दुष्काळ, बेकारी, सोयाबीनचे भाव, स्पर्धा परीक्षा असे विषय सोडून पोरीबाळींच्या खेळावर पाने कशाला खर्ची घालावीत, असे कोणालाही वाटेल. पण मागच्या वर्षी माझ्या हातून एक चूक घडली, त्या चुकीपायी एका मैत्रिणीचा हात मोडला, आणि तेव्हापासून दोन माणसांनी एकमेकांचा हात धरणे ही गोष्ट मला साधी वाटेनाशी झाली आहे. म्हणून हा प्रपंच.

घडले ते असे. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचा युवक महोत्सव जवळ आला होता आणि लातुरात आमच्या लोकनृत्याच्या संघाचा सराव चालला होता. नाचाचा शेवट फुगडीने व्हायचा होता. मी कंधार तालुक्यातल्या खेड्यातली. चालायला लागले तेव्हापासून पंचमीला फुगडी खेळत आलेली. माझी जोडीदारीण लातूर शहरात वाढलेली; फुगडी तिने पाहिली होती, खेळली नव्हती. आठ दिवसांत ती बरीच तयार झाली. नवव्या दिवशी वेग चांगला लागला होता, बघणाऱ्या मुली टाळ्या देत होत्या, आणि माझ्या डोक्यात आले की इथे एकदम एकहाती फुगडी घेतली तर काय बहार येईल! मी डावा हात सोडला. मला ठाऊक होते, तिला नव्हते. ती भेलकांडत गेली आणि शहाबादी फरशीवर मनगट खाली धरून पडली. हाड चिरले होते. सहा आठवडे प्लॅस्टर, महोत्सव हुकला आणि परीक्षेला लेखनिक घ्यावा लागला.

दवाखान्यात तिने मला दोष दिला नाही. एवढेच विचारले, "सोडायचाच होता तर सांगितलं का नाहीस?" मी म्हणाले, "अगं, सांगायला वेळ कुठे होता?" हे उत्तर किती चुकीचे होते ते मला पुढे दिवाळीच्या सुटीत कळले.

सुटीत गावी गेल्यावर मी आजीला सगळे सांगितले. वाटले होते, ती म्हणेल, "खेळात व्हायचंच असं." ती तसे काही म्हणाली नाही. सत्तरी ओलांडलेली माझी आजी जात्यापाशी बसली होती, ती उठली, पदर खोचला आणि म्हणाली, "दे हात." आणि अंगणात तिने मला फुगडी पहिल्यापासून शिकवली. एवढी वर्षे मी फुगडी खेळत होते, पण शिकले नव्हते. हा फरक मला त्या दिवशी समजला.

फुगडीची मांडणी आपण सर्वांनी पाहिलेली आहे. दोघींनी समोरासमोर उभे राहून पायांचे चवडे भिडवायचे, हातांची फुली करायची, उजव्यात उजवा आणि डाव्यात डावा धरायचा, कोपर सरळ ठेवून मागे झुकायचे आणि चवड्यांवर फिरायचे. तोंडाने ठेका धरतात त्याला पकवा म्हणतात. या एका मांडणीतून आपल्या बायकांनी कितीतरी प्रकार काढले: एकहाती फुगडी, एकमेकींचे दंड धरून घालायची दंडफुगडी, बोटांचे आकडे अडकवून घालायची नखुल्यांची फुगडी, उकिडवे बसून घालायची बसफुगडी, तिघींची, चौघींची. कोकणात आणि गोव्यात फुगडी म्हणजे बायकांचा फेर धरून केलेला नाच. तिथे ती आणखी निराळी. नीट पाहिले तर आमच्याकडच्या या प्रकारांतले बरेचसे भेद पायांचे नसून हातांचे आहेत. कुठे धरायचे आणि किती धरायचे, यावर फुगडीची जात ठरते.

आजीचा पहिला धडा असा होता: "आधी फिरायचं न्हाई. आधी नुस्तं झुकायचं. समोरचीचं वजन तुझ्या हाताला कळलं का? कळलं तर मंग पाय उचल." दुसरा धडा: "बोटं धरू नको, मनगट धर. आन् तिलाबी तुझं मनगट धरू दे. एकीचा हात सुटला तरी दुसरीचा ऱ्हातो." सर्कशीत झोक्यावरचे कसरतपटू एकमेकांना हवेत झेलतात तेही मनगटाला मनगट देऊनच, हे मी पुढे कुठेतरी वाचले तेव्हा मला आजीचा अभिमान वाटला. तिसरा धडा थांबण्याचा: "थांबायचं आसंल तर आधी पावलं बारीक कर. मंग एकडाव हात दाब. थांबल्यावर बी लगीच सोडू नको. डोकं फिरायचं थांबू दे." आणि चौथा धडा, जो मला आधी मिळाला असता तर मैत्रिणीचा हात वाचला असता: "एक हात सोडायचा आसंल तर दुसरा आधी घट्ट कर. जो सोडायचा त्यानं दोनदा दाब. तिकडून दाब आला की सोड. आला न्हाई तर सोडू नको."

तिकडून दाब आला की सोड! मी माझ्या मैत्रिणीला म्हणाले होते की सांगायला वेळ नव्हता. तोंडाने सांगायला नव्हताच. पण हातातून हातात जायला दोन क्षण पुरतात आणि उत्तर यायला तिसरा. माझ्याकडे वेळ होता. नव्हती ती समोरच्याला विचारण्याची सवय.

यात भाबडेपणा किंवा म्हाताऱ्या बायकांचा उगीच धाक आहे, असे कोणाला वाटेल, म्हणून थोडा हिशेब मांडते. विज्ञान शाखेतल्या एका मैत्रिणीकडून तो मी करून घेतला. मुलीचे वजन ४५ किलो धरा. फिरताना तिच्या शरीराचा मध्य फुगडीच्या मध्यापासून अर्धा मीटर दूर असतो असे धरा. एक फेरी दीड सेकंदात पुरी होत असेल, तर तिला त्या वर्तुळात धरून ठेवायला सुमारे ४० किलो वजनाइतकी ओढ लागते. मागे झुकल्यामुळे हातांवर आणखी भार येतो तो निराळाच. तीच फेरी एका सेकंदात होऊ लागली, म्हणजे वेग दीडपट झाला, की ही ओढ सव्वादोनपट होते. सुमारे ९० किलो! पंचेचाळीस किलोच्या मुलीच्या हाताला तिच्या वजनाच्या दुप्पट ओढ. अशा वेळी एक हात न सांगता सोडणे म्हणजे काय, हे आता निराळे सांगायला नको.

दुसरी एक गंमत या हिशेबातून कळली. नवशिकी मुलगी घाबरली की हात आखडून घेते, समोरचीला जवळ ओढते. तिला वाटते, जवळ गेले की सुरक्षित होईन. होते उलटेच! फिरणाऱ्या दोघी जवळ आल्या की फिरण्याचा वेग वाढतो. वेग वाढला की भीती वाढते, भीती वाढली की ती आणखी आवळते. म्हणून थांबताना कोपर सरळच ठेवायचे आणि वेग पायांनी कमी करायचा. आजीने भौतिकशास्त्राचे नावही ऐकलेले नाही. पण "भ्यालीस की आवळतीस, आन् आवळलंस की पडतीस" हे तिला ठाऊक आहे. हे वाक्य फुगडीपुरतेच खरे आहे का, याचा विचार ज्याने त्याने आपल्या घराकडे आणि आपल्या गावाकडे पाहून करावा.

आता थोडे दूरचे. नाताळानंतरच्या आठवड्यात मावसभावाच्या एका मित्राच्या लग्नाला मडगावला जाण्याचा योग आला. रात्री बँड सुरू झाला आणि म्हाताऱ्यांपासून पोरांपर्यंत सगळे जोडीजोडीने नाचायला उतरले. त्या नाचाला जाइव्ह म्हणतात, असे मला तिथे सांगितले गेले. मला आधी संकोच वाटला. सिनेमात पाहिलेले पाश्चात्त्य नाच आणि त्यांवर घरी ऐकलेली टीका डोक्यात होती. मग एका साठीच्या जोडप्याकडे माझे लक्ष गेले आणि पुढचा तासभर मी त्यांच्या हातांकडेच पाहत राहिले.

त्या गृहस्थांनी बाईंचा हात धरलाच नव्हता, असे म्हटले तरी चालेल. त्यांची बोटे किंचित वाकलेली, तळवा वर. बाईंची बोटे त्यावर खुंटीला अडकवावीत तशी अलगद टेकलेली. अंगठा मोकळा. बाईंना गिरकी द्यायची झाली की ठेका पडायच्या थोडे आधी तो हात वर जायचा, आणि बाई त्या हाताखालून अशा फिरायच्या की त्यांच्या बोटांत त्यांची बोटे चाकाच्या आसासारखी सरकायची. अंगठ्याने पकडून ठेवले असते तर मनगट पिळवटले असते. जवळच एक तरुण आपल्या जोडीदारणीला मुठीत पकडून, हिसके देत नाचवत होता. ती बिचारी प्रत्येक गिरकीला दचकत होती. कारण तिला कळायचे ते ओढली गेल्यावर. त्या साठीच्या बाईंना मात्र आधी कळायचे. दोन्ही जोड्या एकाच गाण्यावर नाचत होत्या. पण एका ठिकाणी नाच होता आणि दुसऱ्या ठिकाणी ओढाताण.

हा नाच काही आकाशातून पडलेला नाही. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात विसाव्या शतकाच्या तिसऱ्या-चौथ्या दशकांत जे जोडीचे नाच घडवले, त्यांच्या पोटी हा जन्मला. तिथे १९२६ साली सॅव्हॉय नावाचे नृत्यगृह उघडले. काळ्यांना आणि गोऱ्यांना एकत्र बसू न देणारी कितीतरी ठिकाणे ज्या देशात होती, तिथे या नृत्यगृहात दोघे एकाच फरशीवर नाचत असत. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांबरोबर तो नाच इंग्लंडात गेला आणि तिथे जाइव्ह या नावाने स्थिरावला. आपल्याकडे मुंबईच्या हॉटेलांतून वाजणाऱ्या या धर्तीच्या संगीतात गोव्याच्या वादकांचा वाटा मोठा. तेच वादक सिनेमाच्या संगीतातही होते. १९५१ साली आलेला 'अलबेला' आठवा. संगीत सी. रामचंद्रांचे, म्हणजे तेव्हाच्या नगर जिल्ह्यातील पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांचे. नाच भगवानदादांचा, म्हणजे अमरावतीत जन्मलेल्या मराठी माणसाचा. तेव्हा 'हे आपले, ते त्यांचे' असे म्हणताना जरा जपून म्हणावे. ठेका कुठून आला यापेक्षा तो धरला कसा जातो, हे मला महत्त्वाचे वाटते.

जाइव्ह आणि फुगडी यांच्या धरण्यात जमीनअस्मानाचा फरक आहे. फुगडीत हातावर वजन असते, म्हणून मनगट घट्ट धरावे लागते. जाइव्हमध्ये हातावर वजन नसते, नुसता निरोप असतो, म्हणून बोटे अलगद ठेवावी लागतात. फुगडीत दोघी बरोबरीच्या. जाइव्हमध्ये एक नेणारा आणि एक जाणारी, अशी जुनी वाटणी आहे. पूर्वी नेणारा पुरुषच असे, आता बायकाही नेतात असे ऐकते. पण दोन्हीकडे एक नियम सारखा आहे: हालचालीच्या आधी हाताने हाताला कळवायचे. घट्ट धरणे म्हणजे जबरदस्ती नव्हे आणि सैल धरणे म्हणजे आदर नव्हे. मी माझ्या मैत्रिणीला घट्टच धरले होते, आणि तिला पाडलेही मीच. गोष्ट घट्टपणाची नव्हती, कळवण्याची होती.

इथे कोणी म्हणेल, "एकाने न्यायचे आणि दुसऱ्याने जायचे, ही गुलामीच की! तिचे गुणगान कशाला?" हा आक्षेप मला खोटा वाटत नाही. आपल्या बायकांना पिढ्यान्‌पिढ्या नुसते नेलेच गेले आहे. भाषाच पाहा ना. लग्नात पाणिग्रहण होते. मुलीचा 'हात मागतात', तो बापाकडे. बाप तो 'देतो'. ज्या मुलीचा हात, तिला कोणी दाबून विचारत नाही की सोडू का, धरू का. पण म्हणूनच मला वाटते की नेण्याची रीत बदलली पाहिजे, आणि ती बदलायला हाताचा नाच हे चांगले शिक्षण आहे. चांगला नेणारा आज्ञा देत नाही, आगाऊ सूचना देतो. आणि जाणारीच्या बोटांतून उत्तर आले नाही तर गिरकीचा बेत तिथेच सोडून देतो. त्या साठीच्या गृहस्थांनी एकदा हात वर नेला. बाई दमल्या होत्या, त्यांची बोटे वर गेली नाहीत. गृहस्थांनी हात निमूट खाली आणला आणि दोघे जागच्या जागी डुलत राहिले. पाहणाऱ्या कोणाच्या ते ध्यानातही आले नसेल. मला तो त्या रात्रीचा सर्वांत सुंदर भाग वाटला.

मित्रहो, आपल्या महाविद्यालयात हात या विषयावर कोणी बोलत नाही. मुलगा आणि मुलगी एका बाकावर बसले तरी कुजबुज होते. स्नेहसंमेलनात जोडीनृत्य म्हटले की कपाळावर आठ्या. परिणाम असा, की आपली बहुतेक नृत्ये सगळ्यांनी प्रेक्षकांकडे तोंड करून, रेकॉर्डवर, आपापली करायची. शेजारच्याशी संबंधच नाही. आणि दुसऱ्या बाजूला एसटीच्या गर्दीत, बसस्थानकावर, यात्रेत न विचारता येणारे हात मुलींना रोज सोसावे लागतात. चांगला हात कसा असतो हे आम्हांला कोणी शिकवले नाही, म्हणून वाईट हात ओळखूनही आम्ही गप्प बसतो. आणि मुलांनाही ते कोणी शिकवले नाही, म्हणून त्यांना धरणे म्हणजे पकडणेच वाटते. स्पर्शावर बंदी घातल्याने स्पर्श शुद्ध होत नाही. तो फक्त अडाणी राहतो.

पुरुषांनी हातात हात घेऊन फिरण्यात कमीपणा आहे, असे ज्यांना वाटते त्यांनी पंढरीच्या वाटेवर जाऊन यावे. माझे चुलते दर आषाढीला दिंडीत जातात. तिथे मिशाळ, धोतरवाले, पन्नाशीचे वारकरी एकमेकांचे हात धरून फुगडी घालतात आणि ते पाहून कोणी हसत नाही. तुकोबांच्या गाथेतही फुगडीवर अभंग आहेत. या खेळाला आपल्या परंपरेने कधी हलके मानलेले नाही. तो हलका मानला तो आम्ही शिकलेल्यांनी.

पण परंपरेचे गुण गाताना तिचे दुसरे अंगही लपवता कामा नये. फुगडीत हात धरावा लागतो, आणि कोणाचा हात कोणी धरायचा हे आमच्या खेड्यांत ठरलेले असे. आजीच सांगते: तिच्या लहानपणी पंचमीचे फेर दोन असत. एक गावातला आणि एक वेशीपलीकडचा. गाणी तीच, पकवा तोच. हात मात्र एकमेकींना लागत नसत. चोखोबांचा अभंग गाणाऱ्या पंढरपुरात देवळाचे दार दलितांना उघडले ते १९४७ साली, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. आणि आपल्या मराठवाड्यात विद्यापीठाच्या नामांतराच्या ठरावावरून १९७८ साली जे जळले, ते आठवायला फार म्हातारे असण्याची गरज नाही. घरातल्या कोणाही वडीलधाऱ्याला विचारावे. नामविस्तार व्हायला १९९४ चा जानेवारी उजाडावा लागला. पाटीवरची नावे बदलतात. हात एकमेकांपर्यंत पोचायला आणखी वेळ लागतो.

यंदा पंचमीला मी माझ्या त्या मैत्रिणीला गावी घेऊन गेले. खरे सांगायचे तर मी मनातून धास्तावले होते. आजीने पहिला प्रश्न विचारला तो अपेक्षेप्रमाणेच: "कुनाची गं तू?" मैत्रिणीने सरळ आडनाव सांगितले. आडनावावरून आमच्याकडे सगळे समजते. आजी क्षणभर गप्प राहिली. त्या क्षणात काय काय होते ते मी सांगू शकणार नाही. आजीलाही सांगता येणार नाही. मग तिने मैत्रिणीचे मोडलेले मनगट हातात घेतले, हाड जुळले होते तिथे अंगठ्याने चाचपून पाहिले आणि म्हणाली, "ह्याच हातानं पडली व्हय? चवडे जुळव." आणि अंगणात, शेजारच्या बाया पाहत असताना, तिने तिच्याबरोबर चार फेऱ्या घेतल्या. सावकाश घेतल्या; वयच तसे. पण मनगटाला मनगट धरून घेतल्या.

एवढ्याने गावातली जात गेली, असे मी म्हणणार नाही. शेजारच्या एक बाई उठून गेल्या, तेही मी पाहिले. पण आजीचा हात तिच्या हाताला कळला, एवढे खरे.

आता माझे म्हणणे थोडक्यात मांडते. ते प्राचार्यांनी, सांस्कृतिक विभागाच्या प्राध्यापकांनी आणि विद्यार्थी मित्रमैत्रिणींनी विचारात घ्यावे, ही विनंती.

एक, स्नेहसंमेलनाआधी तीन आठवडे रोज तासभर फुगडी शिकवावी. फरशीवर नव्हे, मैदानाच्या मातीवर किंवा सतरंज्या घालून. शिकवायला शहरातून कोणी नृत्यदिग्दर्शक आणण्याची गरज नाही. आपल्यातल्या निम्म्या मुलामुलींच्या घरी एक आजी आहे.

दोन, जोड्या चिठ्ठ्या टाकून पाडाव्यात. मुलींच्या मुलींशी, मुलांच्या मुलांशी. आणि दोघांचीही तयारी असेल तर मुलामुलींच्याही. आपल्या आवडीने जोडी निवडायला दिली की आपण आडनावे पाहून निवडतो. हे आपल्याला स्वतःलाही कळत नाही, इतकी ती सवय जुनी आहे.

तीन, पहिले चार दिवस कोणी फिरू नये. नुसते झुकावे, वजन ओळखावे, आणि थांबण्याची, बदलण्याची, सोडण्याची खूण ठरवावी. ज्याला थांबायचे आहे त्याची खूण आली की कारण न विचारता थांबायचे. "आत्ता कुठे रंगात आलं होतं" असे म्हणायचे नाही.

चार, ज्याला यात भाग घ्यायचा नाही त्याला मोकळीक असावी. ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याच्या हो ला अर्थ नाही.

यावर प्राध्यापक मंडळींना एक आदरपूर्वक सूचना करावीशी वाटते. वर्गातही आपण आम्हांला नेता. कधी कधी धडा एकदम वळतो, आणि आम्ही मागच्या बाकांवर भेलकांडतो. तिथेही वळणाच्या आधी थोडा दाब द्यावा आणि उत्तराची वाट पाहावी. आमच्याकडूनही उत्तर जात नाही, ही आमची चूक; ती मी कबूल करते. आपले हात बहुधा मोबाइलवर असतात.

यंदा लोकनृत्याच्या संघात आम्ही दोघी पुन्हा आहोत. मैत्रिणीने एक अट घातली: एकहाती फुगडी घ्यायचीच, पण या वेळी सोडण्याची खूण ती देणार. मी मान्य केले. पहिल्या दिवशी सराव करताना तिचा हात दोनदा दाबला गेला आणि मला एकदम भीती वाटली. मागच्या वर्षी तिला ती वाटायलाही वेळ मिळाला नव्हता. मी श्वास घेतला, कोपर सरळ ठेवले आणि उलट दाबले.

तिने हात सोडला. आम्ही पडलो नाही.

(तृतीय वर्ष, कला)